शेड्यूलरचं प्रॅक्टिकल काढू नका

ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमातून सीपीयू शेड्युलिंगचं प्रॅक्टिकल काढून टाका, अशी मागणी हल्ली वारंवार कानावर येते. मागणी करणारे ऐरेगैरे नाहीत. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत वर्षानुवर्षं काम केलेले अभियंते त्यात आहेत, उद्योगाचे प्रतिनिधी म्हणून अभ्यास मंडळावर बसणारी माणसं आहेत, आणि काही तरुण प्राध्यापकही आता त्यांच्या सुरात सूर मिसळू लागले आहेत. त्यांचं म्हणणं असं की, एफसीएफएस (आधी येईल त्याला आधी), एसजेएफ (सर्वांत लहान काम आधी), प्रायॉरिटी आणि राउंड रॉबिन हे चार प्रोग्राम मुलांकडून लिहून घेण्यात वेळ वाया जातो; नोकरीत कुणीही शेड्यूलर लिहीत नाही; खरा लिनक्स असल्या बाळबोध पद्धती वापरतच नाही; आणि आता तर हाच प्रोग्राम एआयकडे मागितला की क्षणात हातात पडतो. त्या जागी क्लाउड शिकवा, कंटेनर शिकवा.

यातला एकही मुद्दा मला मान्य नाही. पण त्यांचा खरा राग ज्या गोष्टीवर आहे, ती गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. पदविका असो की पदवी, आपल्या प्रयोगशाळांमध्ये हे प्रॅक्टिकल ज्या पद्धतीने उरकलं जातं, ती पद्धत लाजिरवाणी आहे. वरच्या वर्गातल्या मुलांकडून पेन ड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला प्रोग्राम, त्यावर बदललेलं नाव आणि रोल नंबर, जर्नलमध्ये चिकटवलेलं आउटपुट, पट्टीने आखलेला गँट चार्ट आणि खाली सही. व्हायवाला ‘क्वांटम म्हणजे काय?’ असं विचारायचं आणि पाठ केलेली व्याख्या ऐकून पुढच्या मुलाला बोलवायचं. असं प्रॅक्टिकल पाहून कुणाला ते निरर्थक वाटलं, तर त्याला दोष देता येणार नाही. पण दोष प्रयोगाचा आहे की प्रयोग न करण्याचा, एवढा फरक तरी करायला हवा. जी गोष्ट मुलांनी कधी केलीच नाही, तिचा उपयोग झाला नाही म्हणून ती काढून टाका, हा कुठला न्याय?

राउंड रॉबिनचा एक सी प्रोग्राम वर्षानुवर्षं मुलांच्या हातात फिरतो आहे. व्हेरिएबलची नावं बदलतात, छापायचे शब्द बदलतात, सांगाडा तोच राहतो. उरलेला बर्स्ट टाइम, म्हणजे प्रत्येक प्रोसेसला अजून हवा असलेला सीपीयूचा वेळ, एका अ‍ॅरेमध्ये असतो. लूप त्या अ‍ॅरेवरून फिरतो. ज्याची पाळी असेल त्याला एक क्वांटम, म्हणजे ठरलेल्या वेळेचा तुकडा, द्यायचा, एकूण वेळ तेवढ्याने पुढे न्यायचा, आणि मग विचारायचं: अ‍ॅरेमधली पुढची प्रोसेस आतापर्यंत आली आहे का? आली असेल तर तिच्याकडे जा. नसेल तर पुन्हा शून्याव्या जागेवर या. काही ओळींचं काम. सगळ्या प्रोसेस शून्य वेळेला आल्या आहेत असं इनपुट दिलं की उत्तर बरोबर येतं, आणि जर्नलमध्ये नेमकं तेच इनपुट असतं.

आता याच प्रोग्रामला दोनच प्रोसेस द्या. पहिली ० वेळेला येते आणि तिला २ एकक सीपीयू हवा. दुसरी ५ वेळेला येते आणि तिला ३ एकक हवा. क्वांटम २. पहिली प्रोसेस २ वेळेला संपते. प्रोग्राम विचारतो: दुसरी आली का? ती ५ ला येणार, आता तर २ वाजलेत. म्हणून तो शून्याव्या जागेवर परततो. तिथली प्रोसेस संपलेली आहे, तिला देण्यासारखं काही नाही, म्हणून वेळही पुढे सरकत नाही. पुन्हा विचारतो: दुसरी आली का? अजून २ च वाजलेत. प्रोग्राम याच प्रश्नावर कायमचा अडकतो. पडदा स्तब्ध होतो, आणि मूल कंट्रोल-सी दाबून म्हणतं, ‘सर, इनपुट चुकीचं आहे.’

इनपुट चुकीचं नाही. खऱ्या संगणकावर सीपीयूला करायला काहीच काम नसणं ही रोजची बाब आहे. घरातला लॅपटॉप बहुतेक वेळ त्याच अवस्थेत असतो. या मुलाला जी गोष्ट कधी समजलीच नाही ती ही: सिम्युलेशनमध्ये घड्याळ त्यानेच पुढे ढकलायचं असतं. खऱ्या कर्नलमध्ये हे काम हार्डवेअरचा टायमर करतो. एमआयटीने शिकवण्यासाठी तयार केलेल्या एक्सव्ही-सिक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्यूलर पाहा. तोही अ‍ॅरेवरूनच फिरतो, चालवण्याजोगी प्रोसेस शोधत राहतो, आणि काहीच सापडलं नाही तरी त्याचं बिघडत नाही, कारण वेळ त्याच्या हातात नाही. तो बाहेरून येणाऱ्या इंटरप्टबरोबर सरकतो. आपल्या विद्यार्थ्याच्या प्रोग्राममध्ये बाहेर कुणीच नाही. धोरण ठरवणाराही तोच आणि घड्याळ फिरवणाराही तोच. ही दोन कामं वेगळी आहेत हे पुस्तकात वाचून कळत नाही. अडकलेल्या लूपसमोर बसल्यावर कळतं.

त्या प्रोग्रामचा दुसरा दोष अधिक वाईट, कारण तो अडकत नाही. शांतपणे चुकीचं उत्तर देतो. तीन प्रोसेस घ्या, अनुक्रमे ०, १ आणि ३ वेळेला येणाऱ्या, तिघींचंही काम भरपूर, क्वांटम २. पहिली ० ते २ चालते आणि रांगेच्या शेवटी जाते. दुसरी २ ते ४ चालते. दरम्यान ३ ला तिसरी येऊन रांगेत उभी राहते. ४ वेळेला पाळी कुणाची? पहिली प्रोसेस २ पासून रांगेत आहे, तिसरी ३ पासून. पाळी पहिलीची. पण अ‍ॅरेवरून फिरणारा लूप दुसरीनंतर तिसरीकडेच जातो, कारण अ‍ॅरेमध्ये ती शेजारी आहे. आधी आलेली थांबते, मागून आलेली पुढे घुसते, आणि खाली छापलेली सरासरी तरीही दोन दशांश स्थळांपर्यंत नेटकी दिसते. राउंड रॉबिन म्हणजे रांग, हे वाक्य त्या मुलाने परीक्षेत शंभरदा लिहिलेलं असतं. रांग बांधायची मात्र राहून गेलेली असते.

एसजेएफमध्ये हेच वेगळ्या रूपात होतं. बर्स्ट टाइमप्रमाणे यादी सॉर्ट केली की झालं, असं मुलांना वाटतं. पायथनमध्ये तर ही एका ओळीची गोष्ट. पहिली प्रोसेस ० ला आली, तिला ८ एकक हवेत. दुसरी ३ ला आली, तिला २ हवेत. सॉर्ट केल्यावर दुसरी पहिल्या क्रमांकावर येते आणि ० वेळेला सुरू होते, म्हणजे यायच्या तीन एकक आधी! तिचा वेटिंग टाइम निघतो उणे ३. बाह्य परीक्षक म्हणून जाताना असे उणे आकडे मी जर्नलमध्ये पाहिले आहेत, त्यावर सह्या झालेल्या होत्या. जी प्रोसेस अजून जन्मालाच आली नाही तिला सीपीयू देता येत नाही. निवड करायची ती त्या क्षणी हजर असलेल्यांतूनच. आणि प्रत्येक प्रोसेस संपल्यावर हजेरी बदललेली असते, म्हणून निवड पुन्हा करायची. एकदा सॉर्ट करणं आणि प्रत्येक टप्प्यावर लहानात लहान शोधणं यांतला हा फरक ज्याच्या हाताला लागला, त्याला प्रायॉरिटी क्यू कशासाठी असते हे वेगळं शिकवावं लागत नाही. डेटा स्ट्रक्चरच्या तासाला शिकलेला हीप त्याला पहिल्यांदा गरजेपोटी आठवतो.

आणि एक प्रसंग असा आहे की जिथे पुस्तकही मदतीला येत नाही. क्वांटम २. पहिली प्रोसेस ० ला आली, काम ३. दुसरी बरोबर २ ला आली, काम २. घड्याळात २ वाजले, त्याच क्षणी पहिलीचा क्वांटम संपला आणि त्याच क्षणी दुसरी दारात उभी राहिली. रांगेत आधी कोण? नव्याने आलेलीला पुढे घेतलं तर दुसरी २ ते ४ चालते आणि पहिली ४ ते ५. पहिली दोन एकक थांबली, दुसरी मुळीच थांबली नाही, सरासरी १. परत येणारीला पुढे घेतलं तर पहिली ३ ला संपते, दुसरी ३ ते ५ चालते, आणि सरासरी ०.५. अल्गोरिदम तोच, इनपुट तेच, आणि एक सरासरी दुसरीच्या दुप्पट. दोन्ही उत्तरं राउंड रॉबिनचीच आहेत. ‘राउंड रॉबिन’ या नावाने जे सांगितलं जातं त्यात हा निर्णय सांगितलेलाच नसतो. तो प्रोग्राम लिहिणाऱ्याला घ्यावा लागतो, आणि एन्क्यूच्या दोन ओळी वर लिहिल्या की खाली, एवढ्यावर तो ठरतो.

या प्रॅक्टिकलचं सगळं मोल मला इथे दिसतं. संगणकशास्त्राच्या चार वर्षांत विद्यार्थी असंख्य प्रोग्राम लिहितो, त्यांतल्या बहुतेकांना एक बरोबर उत्तर असतं. सॉर्टिंगचं उत्तर एकच. सर्वांत जवळच्या वाटेचं अंतर एकच. शेड्यूलर लिहिताना त्याला पहिल्यांदा ठरवावं लागतं की कुणाला थांबवायचं. आणि ते ठरवल्यावर कुणाचं किती बिघडलं हे आकड्यांत समोर येतं. बँकेतल्या टोकनच्या रांगेचं उदाहरण देऊन वर्गात राउंड रॉबिन पाच मिनिटांत समजावता येतं, मुलं माना डोलावतात. पण त्या माना डोलावण्याने वर सांगितलेल्या तिन्ही चुकांतली एकही टळत नाही.

आता ‘खरा लिनक्स हे वापरतच नाही’ या दाव्याकडे वळू. तो इतक्या आत्मविश्वासाने केला जातो की ऐकणाऱ्याला तपासावासाही वाटत नाही. लिनक्समध्ये रिअल-टाइम कामांसाठी दोन जुनी धोरणं आहेत. एकाचं नाव शेड-फिफो, दुसऱ्याचं शेड-आरआर. पहिलं म्हणजे प्राधान्याच्या प्रत्येक पायरीवर आलेल्या क्रमाने. दुसरं म्हणजे त्याच पायरीवर राउंड रॉबिन, आणि त्याचा ठरलेला वेळ १०० मिलिसेकंद. विंडोजमध्ये प्राधान्याच्या ३२ पायऱ्या आहेत आणि एका पायरीवरच्या थ्रेड्समध्ये राउंड रॉबिनच चालतं. खालच्या पायरीवरचा थ्रेड फार वेळ, साधारण चार सेकंद, ताटकळला तर विंडोज त्याला तात्पुरतं वर उचलतं. आपल्या पुस्तकात याला एजिंग म्हणतात, आणि प्रायॉरिटीच्या प्रॅक्टिकलमध्ये ते ‘वेळेअभावी’ गाळलं जातं.

लिनक्सचं नेहमीच्या कामांचं धोरण अधिक गुंतागुंतीचं आहे हे खरं. पण ते गुंतागुंतीचं कसं झालं, हा इतिहास पाहिला की पुस्तकातल्या चार पद्धती त्याच्या वाटेवरच उभ्या दिसतात. एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग यंत्रणा दाखवली. एकाच यंत्रापुढे अनेक माणसं बसलेली, आणि प्रत्येकाला आपलं काम लवकर परत हवं. लहान कामांना आधी सोडावं हे उघड होतं, पण काम लहान आहे हे आधी कळणार कसं? ‘बर्स्ट टाइम कुणाला आधीपासून ठाऊक असतो? म्हणून एसजेएफ खोटं’ असं आजचे टीकाकार म्हणतात, ती अडचण कोर्बातोंपुढे तेव्हाच होती. त्यांनी एसजेएफ टाकून दिलं नाही. वेगवेगळ्या पातळ्यांच्या रांगा केल्या. दिलेल्या वेळेत जे काम संपलं नाही ते खालच्या रांगेत उतरवलं, तिथे वेळ जास्त पण पाळी उशिरा. काम लहान आहे की मोठं, हे त्याच्या वागण्यावरून ओळखायचं. एसजेएफला जे हवं होतं तेच, राउंड रॉबिनच्या साधनाने मिळवलेलं. कोर्बातोंना १९९० साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांच्या या पद्धतीचं मल्टिलेव्हल फीडबॅक क्यू हे नाव आपल्या अभ्यासक्रमात एका परिच्छेदापुरतं उरलं आहे. ज्याने स्वतः आधी एसजेएफ आणि मग राउंड रॉबिन लिहिलं, त्याला हा परिच्छेद वाचताना दोन्हींचा सांधा दिसतो. ज्याने लिहिलं नाही, त्याच्यासाठी ती पाठ करायची पाचवी व्याख्या.

२००७ साली लिनक्सच्या २.६.२३ आवृत्तीत इंगो मोल्नारचा कम्प्लीटली फेअर शेड्यूलर आला. त्याची मूळ कल्पना एका वाक्यात सांगता येते: आतापर्यंत ज्याला सर्वांत कमी सीपीयू मिळाला आहे त्याला आधी द्या. प्रत्येक कामाला मिळालेला वेळ, त्याच्या वजनाने भागून, एका रेड-ब्लॅक ट्रीमध्ये ठेवलेला असतो आणि सर्वांत डावीकडचं काम उचललं जातं. एसजेएफमध्ये ‘सर्वांत कमी उरलेलं काम’ शोधणारा लूप ज्याने लिहिला आहे, त्याने इथे फक्त किल्ली बदलायची: उरलेल्या वेळेऐवजी मिळालेला वेळ. सोळा वर्षांनी, २०२३ मध्ये, ६.६ आवृत्तीत त्याची जागा ईईव्हीडीएफ या पद्धतीने घेतली. ती मुळात १९९५ च्या एका शोधनिबंधातली. म्हणजे तीन दशकांपूर्वीचा कागदावरचा अल्गोरिदम आज जगभरच्या सर्व्हरवर चालतो आहे. जुनं म्हणून निरुपयोगी ठरवायचं असेल, तर या क्षेत्रात हाती फारसं काही उरणार नाही.

मोल्नारच्या त्या कामामागे आणखी एका माणसाची प्रेरणा होती आणि ती मोल्नारने मान्यही केली होती. कॉन कोलिव्हास. ऑस्ट्रेलियातला, पेशाने भूलतज्ज्ञ. डेस्कटॉपवर काम करताना संगणक अडखळतो, हे त्याला खुपत होतं, म्हणून त्याने स्वतः शेड्यूलर लिहिले आणि न्याय्य वाटपाची कल्पना चालवून दाखवली. ‘शेड्यूलर कुणी लिहीत नाही’ असं सांगणाऱ्या अभियंत्यांनी या डॉक्टरचं नाव लक्षात ठेवावं.

आणि आज तर परिस्थिती अशी आहे की शेड्यूलर लिहिणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ मध्ये शेड-एक्स्ट नावाची सोय आली. कर्नल नव्याने बांधायची गरज नाही. आपलं धोरण बीपीएफ प्रोग्रामच्या रूपात लिहायचं, चालत्या यंत्रावर चढवायचं, बिघडलं तर यंत्रणा आपोआप मूळ शेड्यूलरकडे परतते. गेमिंगच्या यंत्रांसाठी वेगळे, मोठ्या सर्व्हरसाठी वेगळे असे शेड्यूलर त्यावर लिहिले जात आहेत. जगात हे दार उघडत असताना आपण आपल्या मुलांच्या हातून त्याची किल्ली काढून घ्यायची, याला द्रष्टेपणा म्हणता येणार नाही.

कर्नलमध्ये कधीच न उतरणाऱ्या, म्हणजे बहुसंख्य मुलांचं काय, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं, कारण कंटेनर शिकवा असं म्हणणाऱ्यांना खरं उत्तर इथेच मिळतं. क्लाउडवर एका कंटेनरला अर्धा सीपीयू एवढी मर्यादा घालून दिली आहे असं समजा. लिनक्समध्ये याचा अर्थ होतो: दर १०० मिलिसेकंदांत ५० मिलिसेकंद. आता त्या कंटेनरमध्ये चार थ्रेड आहेत आणि यंत्रावर चार कोअर मोकळे आहेत. चारही थ्रेड एकदम कामाला लागले की ते ५० मिलिसेकंद साडेबारा मिलिसेकंदांत संपतात, आणि पुढचे साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद अख्खा कंटेनर गोठून बसतो. डॅशबोर्डवर सरासरी सीपीयू वापर अजिबात भयंकर दिसत नाही. ग्राहकाची विनंती मात्र अधूनमधून विनाकारण रेंगाळते. अशा वेळी मशीन वाढवा, मेमरी वाढवा, असे उपाय सुचवणारी माणसं पुष्कळ भेटतात. क्वांटम संपल्यावर काम बाजूला बसतं आणि पाळीची वाट पाहतं, हे ज्याने स्वतःच्या हाताने लिहून पाहिलं आहे त्याला हा आलेख वाचता येतो. कंटेनर शिकवा, जरूर शिकवा. पण त्याच्या पोटात हाच शेड्यूलर बसलेला आहे.

गो भाषेतही हेच. तिच्या रनटाइममध्ये स्वतःचा शेड्यूलर आहे, हजारो गोरूटीन मोजक्या थ्रेडवर वाटून देणारा. २०२० च्या १.१४ आवृत्तीपूर्वी एखादी गोरूटीन फंक्शन कॉल नसलेल्या घट्ट लूपमध्ये शिरली, तर तिला मध्येच थांबवायची सोय त्यात नव्हती. बाकीच्यांना ती तिष्ठत ठेवू शकत असे. प्रीएम्प्टिव्ह आणि नॉन-प्रीएम्प्टिव्ह यांतला फरक पाच मार्कांसाठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रसंग दाखवून पाहा. एसजेएफच्या प्रॅक्टिकलचे ते दोन प्रकार का करायला लावतात, हे त्याला विचारावं लागणार नाही.

प्रायॉरिटीचं प्रॅक्टिकल तर फारच कमी लेखलं जातं. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी प्राधान्याचं काम एक कुलूप, म्हणजे म्युटेक्स, धरून होतं. माहितीची ने-आण सांभाळणारं उच्च प्राधान्याचं काम त्याच कुलपासाठी थांबलं होतं. मधल्या प्राधान्याची कामं आली आणि त्यांनी कमी प्राधान्याच्या कामाला बाजूला सारलं. त्याला सीपीयू मिळेना म्हणून कुलूप सुटेना, आणि कुलूप सुटेना म्हणून सर्वांत महत्त्वाचं काम वाट पाहत राहिलं. देखरेख करणाऱ्या यंत्रणेने काहीतरी बिघडलं असं मानून सगळं रीसेट केलं. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी इथल्या प्रतिकृतीवर तोच बिघाड घडवून आणला, कारण शोधलं, आणि त्या म्युटेक्ससाठी प्रायॉरिटी इनहेरिटन्स, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरतं वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य देणं, सुरू करण्याचा बदल यानाकडे पाठवला. या उपायाचा शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांचा शोधनिबंध १९९० चा. आपल्या मुलांच्या प्रायॉरिटी प्रोग्राममध्ये कुलूप नसतं. एक कुलूप घाला, तीन प्रोसेस घ्या, आणि हा सगळा प्रसंग प्रयोगशाळेतल्या पडद्यावर दोन तासांत घडवून आणता येतो. असा प्रयोग असताना आपण त्या प्रोग्राममध्ये काय करतो? प्राधान्याच्या आकड्याने सॉर्ट करतो आणि थांबतो. लहान आकडा म्हणजे वरचं प्राधान्य की खालचं, हेसुद्धा विचारत नाही, जरी लिनक्सचा नाइस आणि विंडोजची प्रायॉरिटी यांची दिशा एकमेकांच्या उलट आहे.

राहता राहिला एआयचा मुद्दा. प्रोग्राम क्षणात मिळतो हे खरं आहे, पण तो पेन ड्राइव्हवरही क्षणातच मिळत होता. मिळालेल्या प्रोग्रामने त्या २ वाजताच्या क्षणी कुणाला रांगेत आधी उभं केलं? सीपीयू रिकामा असताना तो वेळ कसा पुढे नेतो? हे प्रश्न विचारायचे असतात हे कळण्यासाठी माणसाने एकदा तरी त्या जागी अडकलेलं असावं लागतं. यंत्राने लिहिलेल्या कोडची जबाबदारी उद्या याच मुलांवर येणार आहे, आणि शेड्यूलरची चूक ओरडून सांगत नाही. २०१६ साली संशोधकांनी लिनक्सच्या शेड्यूलरमधले असे दोष दाखवले की काही कोअर रिकामे बसलेले असताना चालायला तयार असलेली कामं दुसऱ्या कोअरच्या रांगेत ताटकळत होती, आणि हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कुठे क्रॅश नाही, कुठे चुकीचं उत्तर नाही. फक्त काम हळू. जगातल्या उत्तम प्रोग्रामरांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट, कधीही शेड्यूलर न लिहिलेला विद्यार्थी एआयच्या कोडमध्ये पकडेल अशी आशा कशी करायची?

भाषेचा वाद मला दुय्यम वाटतो. सिम्युलेशन पायथनमध्ये केलं तरी चालेल, जावात केलं तरी चालेल. सीमध्ये रांग स्वतः बांधावी लागते आणि म्हणून ती विसरता येत नाही, एवढ्यासाठी मी सीच्या बाजूने आहे. पण जे कॉलेज एक पाऊल पुढे जाऊ शकतं त्याने सिम्युलेशनवर थांबू नये. आयआयटी मुंबईत ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासासाठी एक्सव्ही-सिक्स वापरलं गेलं आहे. ते मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर इम्युलेटरमध्ये चालतं, आणि त्याचा शेड्यूलर एका पडद्यात मावतो. त्यातला राउंड रॉबिन बदलून प्रायॉरिटी घालायला लावा. एक सेमिस्टर पुरेसं आहे.

अभ्यास मंडळावर बसणाऱ्यांना आणि प्रॅक्टिकल घेणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती एवढीच की, प्रॅक्टिकल काढण्याचा ठराव मांडण्यापूर्वी येत्या सत्रात एकच बदल करून पाहा. जर्नलमधलं इनपुट बंद करा. परीक्षेच्या दिवशी प्रत्येक मुलाला वेगळं इनपुट द्या: एक असं, ज्यात मध्ये सीपीयू रिकामा राहतो, आणि एक असं, ज्यात क्वांटम संपण्याच्या क्षणीच नवी प्रोसेस येते. प्रोग्राम चालला की नाही याला कमी गुण ठेवा, आणि ‘इथे तू हिला आधी का घेतलंस?’ या प्रश्नाच्या उत्तराला जास्त. त्यानंतरही हे प्रॅक्टिकल निरर्थक वाटलं, तर खुशाल ठराव मांडा.